ग्रेलिस्टिंग अजून चालू ठेवायचं की काढून टाकायचं?

रांगेतला_मेल: ऑफिसात परवापासून हाच वाद चाललाय म्हणून विचारतो. एका पतसंस्थेचा मेल सर्व्हर मी बघतो, सॉफ्टवेअर पोस्टफिक्स आहे, साठेक मेलबॉक्स, त्यावर ग्रेलिस्टिंग करणारं पोस्टग्रे. ग्रेलिस्टिंग म्हणजे अनोळखी सर्व्हर आला की पहिल्यांदा ४५० (तात्पुरत्या नकाराचा कोड) देऊन सांगायचं, आत्ता नाही, नंतर या. खरा मेल सर्व्हर मेल रांगेत ठेवून परत येतो, एसएमटीपीचा (सर्व्हर ज्या रीतीने मेल पाठवतात तिचा) नियमच आहे की तात्पुरता नकार आला तर ४-५ दिवस तरी प्रयत्न सोडायचा नाही. स्पॅम टाकणारा बॉट सहसा रांग वगैरे ठेवतच नाही, फेकला की पुढच्या पत्त्यावर. २००३ मध्ये इव्हान हॅरिसने ही पद्धत मांडली आणि मला ती आजही पटते, कारण कुणाचं पत्र न उघडता नुसतं पाठवणाऱ्याच्या वागण्यावरून ठरवता येतं. ज्यांना काढावंसं वाटतं त्यांनी कारण सांगा.

काउंटर_नं_३: दादा, कारण आमच्या टेबलावर येऊन बघा. समोर सभासद उभा, मी ओटीपीची वाट बघत इनबॉक्स रिफ्रेश करतेय, आणि तो येतो तेव्हा त्याची १० मिनिटं संपलेली असतात. दुसरा मागवला की परत तेच. सभासद बिचारा पेन्शनीचे कागद हातात धरून पाऊण तास थांबतो. स्पॅम मी स्वतः डिलीट करीन हो, पण न आलेल्या मेलचं मी काय करू?

सर्व्हररूम: ताईंचं बरोबर आहे. पोस्टग्रेचा थांबा ३०० सेकंदांचा असला तरी समोरचा परत कधी येणार ते तोच ठरवतो, एसएमटीपीचे नियम सांगणारी आरएफसी ५३२१ तर त्याला निदान ३० मिनिटं थांबायला सांगते. वर मोठ्या कंपन्या दुसऱ्या वेळी दुसऱ्याच आयपीवरून (नेटवर्कच्या पत्त्यावरून) येतात, म्हणजे तो परत अनोळखी.

रांगेतला_मेल: पूर्ण आयपी नाही, पोस्टग्रे त्याच्या चार भागांपैकी पहिले तीनच बघतं, आणि ५ मेल नीट आले की त्या सर्व्हरला परत अडवत नाही. पण मोठ्या कंपन्यांचे आयपी त्यापलीकडे पसरलेले असतात, ते मान्य. आणि ओटीपीचं मी धरलंच नव्हतं, चूक माझी.

खात्री_करा: मग सेंडर व्हेरिफिकेशन लावा ना, मेल आला की उलट त्या डोमेनच्या सर्व्हरला विचारायचं, हा पत्ता तुमच्याकडे आहे का. थांबायचं कामच नाही.

सर्व्हररूम: कृपा करून हे लावू नका. स्पॅमवाला माझं डोमेन खोटं टाकून लाखभर मेल सोडतो तेव्हा तुमच्यासारखे हजारो सर्व्हर माझ्या दारावर येतात, पत्ता विचारतात आणि मेल न देता निघून जातात, आणि माझा छोटा सर्व्हर त्यातच बसतो. मी हे एक अख्खी रात्र भोगलंय. वर माझ्याकडेही ग्रेलिस्टिंग असेल तर तुमच्या चौकशीलाच ४५० मिळणार, आणि खरा मेल दोघांच्या मधे लटकणार.
रांगेतला_मेल, वागणूकच तपासायची तर पोस्टस्क्रीन घ्या, पोस्टफिक्स २.८ पासून सोबतच येतं. ते आधी '२२०-' अशी स्वागताची अर्धवट ओळ पाठवतं आणि ६ सेकंद गप्प बसतं. रीतीचा सर्व्हर पूर्ण '२२०' येईपर्यंत तोंड उघडत नाही, घाईतला बॉट मधेच हेलो म्हणतो आणि तिथेच सापडतो. फक्त '२२०' नंतरच्या खोल टेस्ट चालू करू नका, त्या पास झालेल्यालाही ४xx (४५० सारखा तात्पुरता नकार) देऊन परत पाठवतात, म्हणजे पुन्हा ताईंचा ओटीपी अडकला.

रांगेतला_मेल: ६ सेकंद चालतील. पण रीतीने थांबणारे बॉटही आहेत, ते यातून सुटतील, म्हणून पोस्टग्रे पूर्ण काढायला माझं मन होत नाही. रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून सापडणारं सर्व्हरचं नाव) नाही किंवा एसपीएफ (डोमेनने मेल पाठवायला मान्य केलेल्या सर्व्हरांची यादी) जुळत नाही, तेवढ्यांनाच ४५० देतो, बाकी सगळे सरळ आत. काउंटर_नं_३, तुमचे ओटीपी ज्या ज्या डोमेनवरून येतात त्यांची यादी आज संध्याकाळपर्यंत द्या, ती मी आधी व्हाइटलिस्टला (न अडवायच्या यादीत) टाकतो.

काउंटर_नं_३: चार आहेत. पाठवते.