प्रतिसाद: प्रश्न फक्त पैशांचा नाही

असं म्हटलं जातं की गरिबी हा अर्थशास्त्राचा विषय, त्यात मानवी हक्क कशाला आणायचे? पण संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम 25 अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार हे हक्क म्हणूनच मांडतं, दया म्हणून नाही. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गुंतागुंत. राहायला घर नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून मदतीच्या यादीत नाव नाही. सरकारी कचेरीत खिडकीपलीकडचा माणूस मान वरही न करता ‘उद्या या’ म्हणतो. (रोजंदारीवाल्याचा ‘उद्या’ म्हणजे बुडालेली मजुरी, हे त्याच्या गावीही नसतं.) रोज अमुक डॉलर ही दारिद्र्यरेषा मोजायला ठीक, पण ही खिडकी तिच्यात कुठेच दिसत नाही.