शब्दचर्चा: 'ऑड्स' म्हणजे शक्यता की भाव? (सुपर बोलच्या निमित्ताने)

मेधा_एडिसन
इथे न्यू जर्सीत एका दिवाळी अंकासाठी मी १९६९ च्या सुपर बोलवर, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यावर, लेख लिहिला होता. १२ जानेवारी १९६९, मायामीचं ऑरेंज बोल मैदान, बाल्टिमोर कोल्ट्स विरुद्ध न्यूयॉर्क जेट्स. कोल्ट्स इतके बलाढ्य होते की बुकींनी त्यांना १८ पॉइंटांनी वरचढ धरलं होतं. म्हणजे कोल्ट्स नुसते जिंकून त्यांच्यावर पैसे लावणाऱ्याचं भागणार नव्हतं. ते १८ पेक्षा जास्त फरकाने जिंकले तरच त्याला पैसे. जेट्सचा खेळाडू जो नेमथ तीन दिवस आधी म्हणाला होता की आम्ही जिंकणार, मी हमी देतो. आणि जेट्स १६-७ असे जिंकले.

मी लिहिलं होतं, 'कोल्ट्सना १८ चा भाव होता.' छापून आलं, 'कोल्ट्स जिंकण्याची शक्यता १८ टक्के होती.' अर्थ साफ उलटा! मग जेट्सच्या विजयात विशेष ते काय राहिलं? सगळ्या लेखाचा जीव त्या एका वाक्यात होता. विचारलं तर उत्तर आलं की ऑड्स म्हणजे शक्यता, कोशात बघा; आणि 'भाव' हा मटक्याचा शब्द दिवाळी अंकात शोभत नाही.

तोच लेख आता एका संग्रहात येतोय आणि सोमवारपर्यंत दुरुस्ती द्यायची आहे. 'ऑड्स'ला आणि 'पॉइंट स्प्रेड'ला (बुकींनी आधी धरलेला पॉइंटांचा फरक, इथे १८) मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल
मेधाताई, बत्तीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून आधी शक्यतेचं बोलतो. ऑड्स म्हणजे शक्यता नव्हे. पाचास दोन असे ऑड्स असतील तर दोन लावले की पाच मिळतात. त्यातून निघणारी शक्यता सातात दोन. दोन्हींचं नातं आहे, पण वस्तू वेगळ्या. कांद्याचा भाव आणि कांद्याचं पीक यांचंही नातं असतंच की.

अमेरिकी पद्धतीत तर हे आणखी उघड दिसतं. एका संघापुढे उणे १८० लिहिलंय, म्हणजे १०० मिळवायला १८० लावा. दुसऱ्यापुढे अधिक १५०, म्हणजे १०० लावा, १५० मिळवा. याच्या शक्यता काढल्या तर पहिल्याची ६४.३ टक्के आणि दुसऱ्याची ४०. बेरीज १०४.३! शक्यतांची बेरीज शंभरावर जाऊच शकत नाही. वरचे ४.३ बुकीच्या नफ्यासाठी आहेत. ज्या आकड्यात दुकानदाराचा नफा धरलेला असतो त्याला मराठीत भावच म्हणतात. तुमचा शब्द बरोबर होता.

जुना_बाजार
सरांशी अर्धा सहमत. ऑड्सला 'भाव' बरोबर, पण ताई, तुमच्या वाक्यात तो चुकीच्या जागी बसलाय. आपल्याकडे सट्ट्यातला भाव पैशांत बोलतात. निवडणूक आली की वर्तमानपत्रं छापतात, अमुक पक्षाला ४० पैसे, तमुकला दीड रुपया. ४० पैसेवाला तगडा, कारण त्याच्यावर रुपया लावला तर ४० पैसेच सुटतात. भाव जितका कमी तितका संघ भारी. म्हणजे माहीतगार वाचक '१८ चा भाव' १८ पैसे असा वाचेल आणि योगायोगाने योग्य निष्कर्षावर पोचेल, पण चुकीच्या वाटेने. न माहिती असलेला 'भाव आहे'चा अर्थ मान आहे असा घेईल. १८ ही किंमत नाहीच, ती पॉइंटांची वजाबाकी आहे. तिला वेगळा शब्द हवा.

शुद्धमती
दोन्ही शब्दांचं मूळ पाहिलं तर वाट सापडते. इंग्रजीत 'ऑड' म्हणजे विषम आणि 'ऑड्स' म्हणजे मुळात विषम गोष्टी, असमानता. मग 'वैषम्य' हा आपला संस्कृत शब्द तयारच आहे. 'कोल्ट्सच्या बाजूने १८ गुणांचे वैषम्य होते.' आणि स्प्रेडला 'गुणांतर'. नेमके, देखणे, आपले शब्द.

कोयनाकाठ
शुद्धमतीताई, 'वैषम्य' मराठीत रुजलाय तो 'वैषम्य वाटणे' म्हणून. भावाला जमीन जास्त गेली की वैषम्य वाटतं. तुमचं वाक्य वाचून मला वाटेल की कोल्ट्सच्या मनात १८ कारणांनी कडवटपणा होता. संस्कृतात शब्दाचा अर्थ काही असो, आमच्या आज्जीच्या तोंडात तो ज्या अर्थाने होता तो आम्ही पुसू शकत नाही.

शुद्धमती
शब्दाला मुळातला अर्थ परत मिळवून देण्यात गैर काय? 'दूरध्वनी'लाही लोक आधी हसले होते.

कोयनाकाठ
आणि आज खिशात काय आहे? फोन.

पाटीपेन्सिल
'गुणांतर'वर माझी हरकत वेगळी आहे. तो शब्द सामन्यानंतरच्या खऱ्या फरकालाही लागतो. जानेवारी १९७९ चा सुपर बोल, पुन्हा मायामी, पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध डॅलस काउबॉइज. सुरुवातीला बुकींनी स्टीलर्सना साडेतीन पॉइंटांनी वरचढ धरलं. स्टीलर्सवर पैसा येत गेला तसा आकडा साडेचारपर्यंत चढला. मग उलट बाजूला, डॅलसवर पैसा आला. सामना ३५-३१ असा सुटला. फरक बरोबर चार. साडेतीनच्या वेळी स्टीलर्सवर लावणारे जिंकले आणि साडेचारच्या वेळी डॅलसवर लावणारेही जिंकले. लास व्हेगासच्या बुकींना दोन्हीकडून भरावं लागलं. त्या दिवसाला तिथे 'काळा रविवार' म्हणतात. आता हीच गोष्ट 'गुणांतर' वापरून सांगा. गुणांतर साडेतीनचं साडेचार झालं आणि शेवटी गुणांतर चार आलं! वाचकाला काही कळेल का? आधी धरलेला फरक आणि प्रत्यक्ष पडलेला फरक यांना दोन शब्द पाहिजेतच.

रोहन_एम
मी इथेच जन्मलो, मराठी घरी शिकलो, चूक असेल तर सांगा. पण इथली मराठी मुलं सरळ 'स्प्रेड' म्हणतात. 'ईगल्सनी स्प्रेड कव्हर केला का?', म्हणजे धरलेल्या फरकापेक्षा जास्तने जिंकले का. मे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, राज्यांना खेळांवरची बेटिंग सुरू करायची मोकळीक मिळाली, आणि तो खटला आमच्या न्यू जर्सीचाच होता. तेव्हापासून टीव्ही लावला की हेच शब्द. माझे बाबा सत्तर वर्षांचे आहेत, तेही मराठी बोलताना 'स्प्रेड' म्हणतात. लोक जो शब्द बोलतात तोच देवनागरीत का लिहू नये?

शुद्धमती
रोहन, तुझं मराठी छान आहे. पण कानावर पडलेलं सगळंच उचलायचं ठरलं तर पन्नास वर्षांनी मराठीत फक्त क्रियापदं मराठी उरतील. 'कव्हर केला' या दोन शब्दांत आत्ताच तसं झालंय.

जुना_बाजार
ताई, मराठी सट्टेबाजाराने स्वतःची क्रियापदं केली आहेत. संघावर पैसे 'लावतात' आणि दुसऱ्याने लावलेले 'खातात'. 'लावतो की खातो?' एवढ्या प्रश्नावर लाखाचा व्यवहार होतो. यात एकही परका शब्द नाही, आणि या शब्दांना कुणी कोशात मानाने घेत नाही. पंडित जे शब्द शोधतात ते लोकांनी आधीच केलेले असतात. फक्त ते अड्ड्यावर झालेले असतात म्हणून नको असतात. मेधाताईंचा 'भाव' त्याच कारणाने कापला गेला. मला त्याचा राग आहे.

टर्फक्लब
माझे वडील महालक्ष्मीला रेसला जायचे, मीही पंचवीस वर्षं जातोय. रेसमध्ये हँडिकॅप म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन. आम्ही बोलताना म्हणतो, 'घोडा चांगला आहे पण वजन फार आहे.' पॉइंट स्प्रेड ही तीच कल्पना. 'कोल्ट्सवर १८ पॉइंटांचं वजन होतं.' कुठल्याही रेसवाल्याला हे वाक्य एका क्षणात कळेल.

एक फरक मात्र आहे. वजनाने घोडा खरंच मंदावतो, स्प्रेडने संघाचं काही बिघडत नाही. कोल्ट्सना मैदानात १८ माहीतही नसले तरी चाललं असतं.

कोयनाकाठ
आम्ही लहानपणी वडापर्यंत पळायचो तेव्हा धाकट्याला दहा पावलांची 'सूट' द्यायचो. आजोबा बुद्धिबळात माझ्याशी एक हत्ती काढून खेळायचे. त्यालाही सूटच म्हणायचे. इंग्रजीत बुद्धिबळातल्या अशा सुटीलाही ऑड्स म्हणतात ना? मग 'जेट्सना १८ पॉइंटांची सूट होती' असं लिहा. सूट दुबळ्याला मिळते, बलवानाला नाही. दिशा उलटी होण्याची भीतीच राहत नाही.

मेधा_एडिसन
'सूट' मनापासून आवडला. पण 'जेट्सना सूट' म्हटलं की वाटतं मैदानातच १८ पॉइंट दिले. टर्फक्लब म्हणतात तीच अडचण. सूट पैज लावणाऱ्यांच्या हिशोबात आहे, खेळणाऱ्यांच्या नाही.

तराजू
इतका वेळ वाचतोय आणि कुणी 'पासंग' म्हणालं नाही याचं आश्चर्य वाटतं. आमचं किराणा दुकान होतं. तराजूचं एक पारडं जड असलं की दुसऱ्या पारड्यात खडा, सुतळी, काहीतरी टाकून दांडी समान करायची. तो पासंग. मग खरं वजन सुरू. स्प्रेड अगदी हेच करतो! एक संघ जड, म्हणून दुसऱ्या पारड्यात १८ चा पासंग टाकला, दांडी सरळ झाली, आता दोन्हीकडे सारखाच पैसा लावा. पद्धतच त्यासाठी निघाली. ती शिकागोत १९४० च्या दशकात, आधी गणिताचा शिक्षक असलेल्या चार्ल्स मॅकनीलने रूढ केली असं मानतात. आणि पासंग टाकायला माल तोलावा लागतो, पैलवान नव्हे, म्हणजे मेधाताईंची शंकाही मिटते.

कोयनाकाठ
वा! आणि म्हणच आहे, 'पासंगालाही न पुरणे'. जेट्स कोल्ट्सच्या पासंगालाही पुरणार नाहीत असंच १९६९ मध्ये सगळे म्हणत होते. मेधाताई, हे वाक्य जसंच्या तसं घ्या.

शुद्धमती
पासंग फारसी आहे. 'संग' म्हणजे दगड, संगमरवरातला. 'वैषम्य' नको कारण संस्कृत अवघड, आणि पासंग चालतो कारण फारसी सोपं, हा न्याय मला कळत नाही. निदान पैज लावण्याच्या क्रियेला तरी 'पैज' म्हणा, 'सट्टा' नको. पैज हा 'प्रतिज्ञा'वरून प्राकृतातून आलेला शब्द. ज्ञानेश्वरांनी 'परि अमृतातेंही पैजा जिंके' म्हटलंय ते मराठीबद्दलच. त्यात अभिमान आहे, शब्द दिल्याचं बंधन आहे. नेमथ जे बोलला ती पैज. बुकींकडे चाललं होतं तो जुगार.

जुना_बाजार
नेमथची ती पैज, हे एकदम मान्य. अतिशय नेमकं बोललात. पण सट्टा शब्दाला हलका लेखू नका. साटंलोटं, साटं म्हणजे अदलाबदल, त्या घराण्यातला तो मला वाटतो. मुळात करार, सौदा. आमच्या गिरणगावात मटक्याला आधी 'आकडा' म्हणत. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होते भाव मुंबईत तारेने यायचे आणि त्यावर लोक पैसे लावायचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद झालं, मग मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले, म्हणून मटका. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मात्र कापसाचेच राहिले. माझे मामा गिरणीत होते. कापूस विणायचे आणि संध्याकाळी न्यूयॉर्कच्या कापसावर चार आणे लावायचे. घरात त्यावरून फार रडारड झाली. शब्द वाईट नसतो, पण तो घरात ज्या दिवसांबरोबर येतो ते दिवस आठवतात, एवढं मी मान्य करतो.

पाटीपेन्सिल
मटक्यावरून मूळ प्रश्न मागे पडतोय, पण बुकीच्या त्या ४.३ टक्क्यांना शब्द आहे का कुणाकडे? स्प्रेडवर पैसे लावताना सहसा १०० मिळवायला ११० लावावे लागतात. शंभरात साधारण साडेबावन्न वेळा बरोबर आलात तर कुठे बरोबरी. अमेरिकेत याला 'विग' म्हणतात. यिद्दिशमधून आलेला, मूळ रशियन शब्द.

जुना_बाजार
नाल! पत्त्यांच्या अड्ड्यावर प्रत्येक डावातून जागेचा मालक काढून घेतो ती नाल. 'नाल काढणे.' पोलिसांच्या पंचनाम्यातसुद्धा हा शब्द असतो.

टर्फक्लब
नाल डाव जिंकणाऱ्याकडून काढतात. विग भावातच मुरलेला असतो, हरणाराच तो भरतो. सारखं नाही.

जुना_बाजार
हरणाऱ्याचे ११० गेले, जिंकणाऱ्याला १०० मिळाले. मधले दहा कुणाचे म्हणायचे हा बघण्याचा प्रश्न आहे. मी नालच म्हणेन.

मेधा_एडिसन
सोमवारी दुरुस्ती द्यायची आहे. सध्या असं लिहिलंय: 'सामन्याआधी बुकींनी जेट्सच्या पारड्यात १८ पॉइंटांचा पासंग टाकला होता.' ऑड्सला 'भाव'च ठेवतेय, शोभो न शोभो. पासंग तरुण वाचकांना कळेल का? रोहन?

रोहन_एम
शब्द माहीत नव्हता. वाक्यात पारडं आहे म्हणून कळला. पण बाबांना विचारलं तर ते म्हणाले, पासंग म्हणजे तराजूतला दोष. 'या तराजूत पासंग आहे' असं त्यांची आई भाजीवालीला सांगायची.

तराजू
दोष नव्हे, दोष काढायला टाकलेला खडा. आमच्या दुकानात तरी खड्यालाच म्हणायचे.

वऱ्हाडी_बोली
आमच्या अकोल्याकडे खड्याला पासंग म्हणत नसत. रिकामं भांडं पारड्यात ठेवून समोर तेवढंच वजन टाकायचं, त्याला 'धडा करणे' म्हणत. तूप घ्यायला गेलं की आई आधी सांगायची, 'भाऊ, भांड्याचा धडा करून घ्या.' पासंग म्हणजे तराजूची खोट. रोहनच्या बाबांचं बरोबर आहे.

तराजू
मग खोट आणि खोट भरून काढणारा खडा, दोन्हीला एकच शब्द? आमच्या गल्ल्याशेजारी एक चिंचोका नेहमी पडलेला असायचा. वडील म्हणायचे, 'पासंग हरवू नको रे.' तो दोष कसा असेल?

मेधा_एडिसन
तुमचं गाव कोणतं, तराजूदादा?