'ओसिओमार्तिस'ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: बायझंटाईन काळावरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात कनिष्ठ स्तेफानोस येतो. कॉन्स्टँटिनोपलच्या पलीकडच्या किनाऱ्याला, ऑक्सेंटियस डोंगरावर राहणारा मठवासी. 754 साली, सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाइनच्या राज्यात, हिएरियाच्या धर्मपरिषदेनं येशू-संतांच्या चित्रांची पूजा निषिद्ध ठरवली. स्तेफानोसनं ठरावाला मान्यता द्यायचं साफ नाकारलं. आधी हद्दपारी, मग तुरुंग; शेवटी 765च्या सुमारास जमावानं रस्त्यातून फरफटत नेऊन मारलं. ग्रीक चर्च त्याला 'ओसिओमार्तिस' म्हणतं, म्हणजे श्रद्धेपायी मारला गेलेला मठवासी संत. मी 'हुतात्मा संन्यासी' लिहिलंय, पण खटकतंय.

तळ्यातमळ्यात: खटकणारच. 'हुतात्मा' म्हटलं की फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्र. 'शहीद' घ्या की! 'मार्तिस' म्हणजे मुळात साक्षीदार, आणि अरबीत शहीदही तोच.

जुनी वही: व्युत्पत्ती जुळली म्हणून शब्द बसतोच असं नाही. 'शहीद' वाचून लोक थेट सीमेवर पोचतील. मल्याळममध्ये 'रक्तसाक्षी' आहे, तो उचला. तिकडे कम्युनिस्टसुद्धा आपल्या मारल्या गेलेल्या कार्यकर्त्यांना तेच म्हणतात. रशियननं मात्र साक्ष सोडून यातना धरली: 'मुका' म्हणजे छळ, त्यावरून 'मुचेनिक'.

पाटीपेन्सिल: 'रक्तसाक्षी मठवासी'. झकास. आणि 'मूर्तिभंजक सम्राट' चालेल ना?

जुनी वही: अजिबात नको. भांडण रंगवलेल्या चित्रांचं होतं, मूर्ती म्हटलं की दगडी देव डोळ्यांपुढे येतो. 'प्रतिमाभंजक' करा. स्तेफानोसच्या चरित्रातला नाण्याचा प्रसंग आठवा. सम्राटासमोर नाणं काढून विचारतो, यावर कोणाची प्रतिमा? सम्राटाची. ती तुडवली तर शिक्षा होईल? होईल. मग ख्रिस्ताची प्रतिमा तुडवणाऱ्याला काय? असं म्हणून नाणं खाली टाकलं आणि वर पाय दिला. इथे 'मूर्ती' लिहून बघा, सगळा युक्तिवाद ढासळतो. (हे चरित्र मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी एका भक्तानं लिहिलंय, तेव्हा तिखटमीठ धरूनच वाचायचं. पण प्रसंग फक्कड आहे.)

तळ्यातमळ्यात: बरं, 'रक्तसाक्षी' मान्य. पण ते 'कनिष्ठ' आधी काढा हो, कनिष्ठ लिपिक वाटतोय बिचारा! बायबलातला दगडांनी मारलेला पहिला स्तेफन तो थोरला, म्हणून हा धाकटा. सरळ 'धाकटा स्तेफानोस' लिहा.