'उत्तेजन', 'बोध' की 'धीर'?

निळीशाई: ख्रिस्ती उपासनेनंतर वाचायच्या एका टिपणाचं भाषांतर करतेय. विषय साधा आहे: विश्वासात कोणी एकट्यानं चालत नाही, एकमेकांना उभारी द्यावी लागते. मी सगळीकडे 'प्रोत्साहन' लिहिलं. तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "हे बक्षीस समारंभासारखं वाटतं, 'उत्तेजन' कर." मला ते लिहायला हात धजेना. तुम्ही काय लिहाल?

जुनीवही: ताईंचं बरोबर आहे. बायबलमध्ये इब्री १०:२४ ला, प्रीती आणि सत्कर्मांसाठी एकमेकांकडे लक्ष द्या असं सांगताना, 'उत्तेजन'च आहे. मूळ ग्रीक शब्द 'पारॉक्सिस्मॉस', त्यात 'ऑक्सिस' म्हणजे धारदार. आपल्या 'उत्तेजन'मध्ये 'तिज्' धातू, म्हणजे धार लावणं. 'तीक्ष्ण' त्यातलाच. पोलादाला जुना मराठी शब्द 'तिखे', तोही त्याच घरातला. नीतिसूत्रे २७:१७ मध्येही धार लावण्याचंच चित्र आहे. इतका नेमका शब्द टाकून कशाला द्यायचा?

उंबरठा: व्युत्पत्ती सुंदर आहे, पण ऐकणाऱ्याच्या कानात धातू नसतो. आज 'उत्तेजक' म्हटलं की खेळाडूंची बंदी आठवते. शिवाय तोच ग्रीक शब्द प्रेषितांची कृत्ये १५:३९ मध्ये प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्या कडाक्याच्या भांडणासाठी आलाय!

जुनीवही: म्हणून तर तो खरा आहे. जवळची माणसंच टोचतात. आणि 'उत्तेजनार्थ बक्षीस' आजही सगळे म्हणतात, तिथे कोणी दचकत नाही.

सांजवात: पुढच्याच वचनात क्रियापद वेगळं आहे, 'पाराकालेओ', म्हणजे जवळ बोलावणं. तिथे मराठीत 'बोध' येतो. बर्णबा या नावाचा अर्थही 'बोधपुत्र' दिलाय. पण आता बोध म्हणजे गोष्टीखालचं तात्पर्य झालंय. यरुशलेमेत सगळे शौलाला, म्हणजे पुढच्या पौलालाच, भीत होते, तेव्हा बर्णबानं त्याला उपदेश नाही केला, सोबत घेऊन प्रेषितांकडे नेलं. मी आजारी असताना प्रार्थनागटातल्या एक आजी रोज संध्याकाळी नुसत्या येऊन बसायच्या. त्याला आई म्हणायची, "त्यांनी धीर दिला." मला तोच शब्द हवा.

उंबरठा: 'धीर' संकटातल्या माणसाला. सगळं ठीक असलेल्याला चांगल्या कामाला लावायचं तर 'धीर' कसा चालेल?

सांजवात: सगळं ठीक कोणाचं असतं?

जुनीवही: 'धीर' 'धरणे'वरूनच आला असणार. हात धरणं, धीर धरणं.

उंबरठा: जुळतंय म्हणून आलं असं होत नाही. पण निळीशाई, टिपणात 'चर्च' लिहिलंय की 'मंडळी'? 'मंडळी'च लिहा. त्यात माणसं आहेत, इमारत नाही.

सांजवात: आमच्या मुलांना 'मंडळी' म्हणजे जमलेले पाहुणे वाटतात.

जुनीवही: मग मुलांना शिकवा. ते चुकीचं तरी कुठे आहे? बोलावलेली माणसंच ती. मंडळीसाठीच्या ग्रीक 'एक्लेसिया' शब्दातही 'बोलावणं' आहेच.

निळीशाई: 'चर्च'च लिहिलंय, आठ वेळा. ते बदलते. पण २४ साठी 'उत्तेजन' आणि २५ साठी 'धीर' असं एकाच परिच्छेदात चालेल का?