फ्रीज १२ वर्षांचा झालाय, दुरुस्त करू, बदलू की तो 'विम्याचा' प्लॅन घेऊ?

रातांबा
मंडळी, जरा सल्ला हवाय. घरातला डबल डोअर फ्रीज २०१३ चा, २६० लिटरचा. आजवर एकदा दाराचं रबर बदललं तेवढंच. गेल्या आठवड्यापासून वर बर्फ नेहमीसारखा होतोय पण खाली थंडच होत नाहीये, दूध दोनदा नासलं. मेकॅनिक आला, मागे हात लावून बघितलं आणि म्हणाला गॅस गेलाय, भरायचे ३२०० होतील, पण मॅडम एवढ्या जुन्यावर पैसे घालू नका, उद्या कॉम्प्रेसर गेला तर माझ्या नावाने बोटं मोडाल. नवरा म्हणतो नवीन घेऊ, २७ हजारात येतोय, लाईट बिल पण कमी होईल. सासूबाई म्हणतात चालती वस्तू घराबाहेर काढायची नाही (त्यांच्या मते दोष दूधवाल्याचा आहे). त्यात परवा एक फोन, ४९९९ भरा, घरातल्या चार जुन्या वस्तूंचा वर्षभराचा विमा, काहीही बिघडलं तरी फुकट दुरुस्ती. आमचं वॉशिंग मशीन, गीझर, मायक्रोवेव्ह सगळंच म्हातारं झालंय म्हणून मोह होतोय. कोणी घेतलाय का असला प्लॅन?

जुना_पाना
ताई थांबा, गॅस भरू नका अजून. कोल्हापुरात २२ वर्षं हेच काम केलंय, आता मुलगा बघतो. वर बर्फ चांगला आणि खाली गरम, हे फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये बहुतेक वेळा डिफ्रॉस्टचं दुखणं असतं, गॅसचं नाही. तुमच्या फ्रीजमध्ये थंडी तयार होते वरच्या कप्प्याच्या मागच्या कॉइलवर आणि पंखा ती हवा खाली ढकलतो. कॉइलवर बर्फ साठू नये म्हणून टायमर दर काही तासांनी हीटर चालू करतो, पुरेसं गरम झालं की बायमेटल (उष्णतेवर चालणारा छोटा स्विच) तो बंद करतो. यातलं एक जरी गेलं की कॉइलचा बर्फाचा गोळा होतो आणि खाली हवा जायला वाटच राहत नाही. गॅस कमी झाला तर वरचा बर्फ पण विरघळायला लागतो, कॉइलच्या एका कोपऱ्यालाच दव धरतं आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही.

घरी करून बघा. सगळं सामान काढा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून पूर्ण २४ तास सोडा, खाली जुनी चादर टाका कारण पाणी येणार. मग चालू करा. चार-सहा दिवस झकास चालून परत खालचं गरम झालं तर डिफ्रॉस्टच समजा. पार्ट मजुरी धरून दीड-दोन हजारात व्हायला हवं. पहिल्यापासूनच थंड नाही झाला तर मग गॅस, पंखा वगैरे बघायचं. आणि गॅस खरंच गेला असेल तर आधी लीक कुठे ते दाखव म्हणायचं, लीक न काढता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. बॉडीच्या आत, फोममध्ये लीक असेल तर मात्र मी स्वतः सांगेन की फ्रीज काढा.

बिलवाचक
नवरोबांच्या लाईट बिलाच्या मुद्द्याचा हिशोब करूया. फ्रॉस्ट फ्री फ्रीजला स्टार लेबल २०१० पासून सक्तीचं आहे, म्हणजे तुमच्यावर असणारच, त्यावर वर्षाचे युनिट लिहिलेत ते सांगा.

रातांबा
पुसट झालंय पण ३९० दिसतंय. दुकानात बघितला त्यावर २०० होतं. आमचं महिन्याचं बिल साधारण १८० युनिटचं येतं.

बिलवाचक
म्हणजे वर्षाला १९० युनिट वाचतील. महावितरणचा १०० युनिटच्या वरचा दर खालच्या टप्प्यापेक्षा जवळपास दुप्पट आहे आणि वाचणारे युनिट त्या महागड्या टप्प्यातलेच, तरी साधारण ११-१२ रुपये पकडा, वर्षाला २२०० च्या आत-बाहेर. २७ हजार वसूल व्हायला १२ वर्षं. तोवर नवा पण म्हातारा! फक्त एक, कॉइलवर बर्फ धरलेला किंवा दाराचं रबर सैल झालेला फ्रीज लेबलपेक्षा बरंच जास्त खातो. दारात कागद अडकवून ओढा, सहज निसटला तर रबर गेलं. नवीन घ्यायचाच असेल तर हौसेने घ्या, बिलाचं कारण सांगू नका.

टपरीवाला
दूधवाल्याची माफी मागा आधी 😄

वाशिष्ठीकाठ
त्या ४९९९ वर बोलतो कारण मी पोळलोय. त्याला फोनवर विमा म्हणतात पण बहुतेक वेळा तो दुरुस्तीचा करार असतो, एएमसीचाच (वार्षिक देखभाल कराराचा) भाऊ. खरा विमा असेल तर आयआरडीएआयकडे (विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नोंदलेल्या कंपनीचा असतो आणि पॉलिसीवर यूआयएन, म्हणजे त्या विमा योजनेचा ओळख नंबर, असतो, तो मागा, बघा फोन कसा कट होतो. माझ्या प्लॅनच्या कागदात बारीक अक्षरात होतं, आधीपासूनचा बिघाड चालणार नाही, पहिले ३० दिवस काही मागायचं नाही, १० वर्षांवरची वस्तू घेणार नाही, आणि रबर, प्लास्टिक, गॅस, काच यातलं काहीच नाही. मग उरलं काय, दरवाजाचं हँडल? वरून ते पण प्लास्टिकचं. तुमचा फ्रीज तर १२ वर्षांचा आणि आजच बिघडलेला, पहिल्याच दिवशी बाद.

पण विमा सरसकट वाईट असंही नाही. मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला पाणी शिरलं तेव्हा आमचा फ्रीज तरंगत जाऊन स्वयंपाकघराच्या दारात आडवा अडकला होता, त्याच्यामुळे आम्हाला आत जाता येईना. कपाटात वॉरंटी कार्डांची अख्खी फाईल होती, तीही भिजली, आणि कोरडी असती तरी पुराला वॉरंटी लागू नसतेच. कर्जाबरोबर बँकेने गळ्यात मारलेली पॉलिसी होती ती निव्वळ इमारतीची, सामानाचा छदामही नाही. त्याच वर्षी एप्रिलपासून भारत गृह रक्षा नावाची ठरावीक पॉलिसी सुरू झाली होती, आम्हाला ते माहीतच नव्हतं. त्यात आग, पूर, वादळ, भूकंप येतं आणि घराचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, घरातल्या सामानाला आपोआप मिळतात. भाड्याने राहणाऱ्यांना नुसत्या सामानाची पण घेता येते. फ्रीज म्हातारपणाने बंद पडला तर त्यात दमडी मिळत नाही, ते काम तिचं नाहीच. मला विचाराल तर ४९९९ त्या फोनवाल्याला देण्यापेक्षा डब्यात टाका, दुरुस्तीला होतील. आणि घर सखल भागात असेल तर ही पॉलिसी बघा.

जुना_पाना
बरोबर. बाकी वस्तूंचं पण थोडक्यात सांगतो. गीझरचा आतला अ‍ॅनोड रॉड (टाकी वाचवायला स्वतः गंजतो तो) बोअरच्या पाण्यावर दर दोन-तीन वर्षांनी बदलायला लागतो, तो खाऊन संपला की टाकी खायला सुरुवात होते, आणि एकदा टाकी गळली की दुरुस्ती नाही. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचं बेअरिंग वाजायला लागलं तर ताबडतोब दाखवा, घरघरत वापरत राहिलात तर ड्रमसकट जातं. लोक ते नव्याच्या निम्म्या किमतीपेक्षा दुरुस्ती जास्त झाली तर बदला वगैरे म्हणतात, मी मानत नाही. कुठला पार्ट गेलाय आणि त्यामागे अजून काय जाणारे ते बघायचं. आणि दहा वर्षं कॉम्प्रेसर वॉरंटीला भुलू नका, बहुतेक कंपन्या नुसता कॉम्प्रेसरचा डबा फुकट देतात, गॅस आणि मजुरी तुमचीच.

रातांबा
अपडेट द्यायला उशीर झाला. २४ तास बंद ठेवला, तीन टॉवेल भिजले, मागून टोपभर पाणी निघालं. भाज्या शेजारच्या काकूंकडे ठेवल्या, त्यांनी त्यातल्या शेवग्याच्या शेंगांची आमटी केली, असो. चालू केल्यावर पाच दिवस एकदम मस्त आणि सहाव्या दिवशी खाली परत गरम! मग दुसरा मेकॅनिक बोलावला आणि आधीच सांगितलं की गॅसचं नाव काढू नका, डिफ्रॉस्ट बघा. त्याने मागचं पॅनल उघडलं तर कॉइल दिसतच नव्हती, पांढरा ठोकळा नुसता. हीटर आणि बायमेटल दोन्ही गेले होते, १७५० झाले, जुने पार्ट मागून घेतले. आज तीन आठवडे झाले.

प्लॅनवाल्याचा परत फोन आलेला, यूआयएन विचारला तर म्हणाला सरांशी बोलून सांगतो. नवरा अजून दुकानांच्या जाहिराती बघतोय पण सासूबाईंनी फ्रीजवरचा क्रोशाचा रुमाल धुऊन परत घातलाय, त्यामुळे तो विषय सध्या बंद.