अनुभव धागा: गोंगाटाच्या घरात ध्यान कसं शिकलात?

ध्यान शिकवणारे बहुतेकजण सुरुवात एकाच वाक्याने करतात: शांत जागा निवडा. गीतेच्या सहाव्या अध्यायातही साधक एकटा, एकांतात बसलेला आहे. आसन फार उंच नाही, फार खाली नाही, दर्भ, अजिन म्हणजे हरणाचं कातडं, वर वस्त्र. आमच्याकडे दोन खोल्यांत पाच माणसं. एकांत मिळतो तो न्हाणीघरात, तोही बाहेरून कडी वाजेपर्यंत. ज्यांच्याकडे स्वतंत्र खोली किंवा तळ्याकाठचं घर आहे त्यांनी इथे नुसतं वाचावं. बाकीच्यांनी लिहा, कुठे बसता, कधी बसता, कशाने मोडतं. कोणती पद्धत श्रेष्ठ हा वाद मात्र नको.

सुरुवात मीच करते. मी नुसती श्वासाकडे लक्ष देते. ‘पहाटे उठा’ हा सल्ला आमच्या चाळीत चालत नाही, कारण पहाटे पाणी येतं आणि मग पिंप, बादल्या, मोटार. दुपारी सासूबाई कलंडल्या की घर जरा निवतं, तेव्हा मी बसते. एक गोष्ट लवकर कळली. कुकरची शिट्टी ऐकू येणं वेगळं आणि शिट्ट्या मोजणं वेगळं. डाळ माझ्या जिम्म्यावर असली की मी डोळे मिटून तिसऱ्या शिट्टीची वाट बघत असते. आता गॅस बंद करूनच बसते, नाहीतर नवऱ्याला सांगते, “शिट्ट्या तुझ्या.” मग कितीही झाल्या तरी बिघडत नाही.

•

इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. पहाटे चारला घंटा, पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, आणि आर्य मौन. घरी गेल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात. घरी काय, तर कमी ऐकू येणारे वडील आणि पूर्ण आवाजात वृत्तवाहिनीवरचं भांडण!

आधी बेडरूमचं दार लावून बसायचो. दार लावलं की प्रत्येकाला आतूनच काहीतरी हवं असतं. कपाटातला टॉवेल, चार्जर, इस्त्रीचे कपडे. म्हणून हॉलमध्ये, सोफ्याच्या बाजूला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसायला लागलो. डोळे मिटलेला माणूस दिसला की लोक वळसा घालून जातात. मुलगीसुद्धा. वेळ तासावरून वीस मिनिटांवर आणली. शुद्ध परंपरावाल्यांना पटणार नाही, पण रोज होतं.

बातम्यांचं मात्र जमेना. शेजारच्या तमिळ काकूंचा टीव्ही तितकाच मोठा असतो, त्याचा काही त्रास नाही, कारण मला तमिळ येत नाही. कळणारं वाक्य आलं की मन लगेच मत द्यायला जातं. शेवटी वडिलांना कानाला लावायचे वायरलेस हेडफोन आणून दिले. त्यांना नीट ऐकू यायला लागलं, मला यायचं थांबलं. ज्याला तंत्र म्हणावं असं यात काहीच नाही.

•

आम्ही इचलकरंजीचे. घराला लागूनच यंत्रमागाचा खोका, भिंत एकच. दिवसपाळी, रातपाळी, खडखडाट चालूच. पाहुण्यांना झोप लागत नाही, आम्हाला ऐकूच येत नाही. वीज गेली आणि माग थांबले की मात्र घरातली झोपलेली माणसं जागी होतात.

मी जप करतो. माळ धरली की मागाच्या ठेक्यावर नाम आपोआप बसतं, वेगळी लय शोधावी लागत नाही. एकदा मामाच्या गावी शेतावर बसलो, अगदी चिडीचूप. तिथं जमलंच नाही. कुठं पान हललं तरी डोळा उघडायचा. सारखा चालणारा आवाज चांगला, मधेच येणारा वाईट, एवढं मला कळलंय. ज्यांच्या घरी असा आवाज नाही त्यांनी पंखा जोरात लावून बघावा.

•

मला ते ध्यानबिन कळत नाही हो. गोंदवल्याची त्रयोदशाक्षरी, ‘श्रीराम जय राम जय जय राम’, तांदूळ निवडताना म्हणते. नातवंडं अंगाखांद्यावर असतात. बसते कुठे मी!

•

वरचं सगळं वाचून राग आला, तो लिहिते.

‘आवाज स्वीकारा’, ‘आवाजालाच आलंबन करा’, म्हणजे लक्ष त्याच्यावरच टेकवा, हे मीही पुष्कळ ऐकलंय आणि ते खोटं नाही. पंखा, रिक्षा, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, सगळं येऊन जातं. पण ‘आई, माझा डबा?’ हे येऊन जात नाही, त्याला उत्तर लागतं. आमचे हे बसले की सासूबाई भांडीसुद्धा हळू ठेवतात, ‘तो बसलाय’ म्हणून. मी बसले की मोज्यांचा दुसरा जोड सापडत नाही. हा गोंगाटाचा प्रश्न नाही, कोणाला हाक मारायची परवानगी आहे त्याचा आहे. श्वासावर कितीही लक्ष ठेवलं तरी तो सुटणार नाही.

मला जागा सापडली ती बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात. खिडकी मिळाली तर उत्तम, चौथी सीट असली तरी चालते. पर्स मांडीवर, पट्टा मनगटाला, डोळे मिटून. कानातलीवाली येते, भजन चालू असतं, कल्याणला गर्दी अंगावर येते, भांडणं होतात. यातलं कोणीही माझं नाव घेत नाही. आधी पायाची बोटं, मग घोटे, मग पोटऱ्या, असं वर वर येत जाते. घाटकोपरपर्यंत खांद्यांशी पोचते.

घरी सांगून टाकलंय की रविवारी सकाळी अर्धा तास मी हाकेला नाही. पहिल्या रविवारी दूध उतू गेलं. उठले नाही.

•

होस्टेलवर राहतो, रूममध्ये चौघे. भ्रामरी करतो. अंगठ्यांनी कान बंद, बोटं डोळ्यांवर, श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव. बाहेरचं दबतं आणि आतला आवाज डोक्यात भरतो. थोडा वेळ तो झाला की मग गप्प बसणं सोपं जातं. मित्र हसले, आता एकजण सोबत बसतो. इअरप्लग घालून पाहिले होते, पण त्यात स्वतःचं गिळणंच इतकं ऐकू यायचं की विचारू नका.

•

एक सावधगिरीचं. मला पॅनिकचा त्रास आहे. गोंगाटात डोळे मिटले की छाती धडधडायची आणि सगळे सांगायचे, ‘बसत राहा, जाईल’. गेलं नाही. डॉक्टरांशी बोलून आता डोळे उघडे ठेवते, तळवे जमिनीला टेकवून खुर्चीवर बसते, आणि वाढायला लागलं तर सरळ उठते. मौनाच्या लांब शिबिरांच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते लपवू नका.

•

सगळ्यांना धन्यवाद. बदलापूरच्या ताई, तुमचं आमच्या घरात मोठ्याने वाचून दाखवलंय, मुद्दाम.

मंडपाच्या भोंग्याबद्दल निरोप पाठवून विचारणाऱ्या दादांसाठी: रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. सणावारी राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस. निवासी भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. मध्यरात्रीनंतरही वाजत असेल तर ध्यान करून सोसत बसू नका, पोलिसांना 112 वर फोन करा.