बोका धुवावा की विंचरावा?

तिसरा_मजला
मागच्या रविवारी नणंदेकडे गेले होते. दारात पाय ठेवला तर मोरीतून कुणाचा तरी जीव जातोय असा आवाज. आत बघते तर नणंद तांब्या घेऊन, भाचा बोक्याची मानगूट धरून, आणि मधे तो पांढरा पर्शियन, भिजून निम्मा झालेला. दर रविवारी हा कार्यक्रम असतो म्हणे. का? तर वास येतो आणि केस गळतात. मी मुद्दाम हुंगून पाहिलं, वास शाम्पूचाच होता. सुटल्यावर बोका जो पलंगाखाली गेला, तो दोन तास अंग चाटत बसला. म्हणजे आपण वरून जे चोळलं ते सगळं पोटात.

माझं म्हणणं सरळ आहे. घरात राहणाऱ्या धडधाकट मांजराला वार लावून अंघोळ घालायची काही गरज नाही. जिभेवर मागे वळलेले काटे असतात, आपली नखं ज्याची बनतात त्याच केराटिनचे. २०१८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवलं की या काट्यांची टोकं पोकळ असतात. तोंडातली लाळ त्यात भरते आणि वरवर न राहता केसांच्या मुळापर्यंत पोचते. उन्हाळ्यात गारवाही त्यानंच मिळतो. इतकं सामान देवानं तोंडात दिलंय, आपण बादली कशाला भरायची?

आपलं काम फणीचं. आज्ज्या उवा काढायच्या तसली बारीक दातांची. माझी अकरा वर्षांची गावठी भाटी आहे, तिला जन्मात अंघोळ नाही. आठवड्यातून दोनदा पांढऱ्या पंचावर बसवते आणि मानेपासून शेपटीकडे विंचरते. काळे कण पडले तर ओल्या कापसावर टिपून बघायचे. तांबूस डाग उमटला तर समजायचं पिसवा आहेत, ती त्यांची घाण. धूळ असेल तर डाग काळाच राहतो.

गुंता_सोडवा
ताई, गावठी भाटीचा अनुभव पर्शियनला लावू नका. गावठीचे केस आखूड, अंगासरशी. पर्शियनला वरचे लांब केस आणि खाली कापसासारखी लव, शिवाय तोंड चपटं. एकट्या जिभेला ते आवरत नाही. माझ्याकडे आलेली मांजरी आधीच्या घरी "ती स्वतःच स्वच्छ राहते" या तत्त्वावर वाढली होती. काखेत आणि मांड्यांच्या आत जटा. नुसत्या दिसायला वाईट म्हणून नाही सांगत, जट कातडी ओढत राहते, पाऊल टाकलं की दुखतं. डॉक्टरांनी मशीन फिरवून काढल्या, खालची कातडी लालबुंद. आणि कुणी घरी कात्री घेऊ नका, मांजराची कातडी जटेबरोबर वर उचलली जाते, केस समजून तीच कापली जाते.

मी पाच-सहा आठवड्यांनी अंघोळ घालते आणि घालणार. पण त्याची पद्धत आहे. आधी पूर्ण विंचरायचं, कारण गुंता भिजला की आवळतो. टबात तळाला जुना टॉवेल, पाय घसरला नाही तर निम्मी भीती तिथेच जाते. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल इतपत. फवारा नाही, त्याच्या आवाजाला घाबरतात, मगाने हळूहळू मानेखाली ओतायचं. तोंडावर पाणी घालायचंच नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. आणि शाम्पूचा शेवटचा थेंब निघेपर्यंत धुवायचं. चाटतं ते तेच, हा तुमचा मुद्दा बरोबरच आहे. तुमच्या नणंदेचं चुकतंय ते दर रविवारी, अंघोळ घालण्यात नाही.

आगर_आणि_मांजरं
आमच्याकडे कोकणात सात मांजरं, एकालाही शाम्पू माहीत नाही. पावसात भिजून येतात, चुलीपुढे बसतात, राखेत लोळतात आणि संध्याकाळपर्यंत परत आरशासारखी. अंघोळ घालायला जाणाऱ्या माणसाच्या हाताला मग हळद लावावी लागते. चालू द्या.

सात_शिंका
थोडं वेगळं. मला मांजराची ॲलर्जी आहे आणि मांजरही आहे, लग्नात हुंडा नव्हता पण मांजर होतं. त्रास केसांचा नसतो, एका प्रथिनाचा असतो. ते मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलात असतं. चाटल्यानं केसांवर येतं, वाळून घरभर उडतं. अंघोळीनं ते धुतलं जातं हे खरं, त्यामुळे मी आठवड्याला घालतो. माझ्यासाठी घालतो, कबूल. पण पर्याय मांजर देऊन टाकण्याचा होता.

तिसरा_मजला
@सात_शिंका, पण ते काही दिवसांत पुन्हा पहिल्याइतकं होतं ना? म्हणजे बुधवार-गुरुवारपासून तुम्ही परत शिंकत असणार.

सात_शिंका
गुरुवारपासून. पण चार दिवस बरे जातात हो. झोपायच्या खोलीचं दार बंद ठेवणं हे जास्त उपयोगी, पण तो दार ओरबाडत बसतो आणि बायको उघडते.

गोडेतेल
"कधीच नको" म्हणणाऱ्यांसाठी. दुकानात उंदरांसाठी चिकटपट्टी लावली होती, सकाळी तिच्यावर दोन महिन्यांचं पिल्लू. एक कुशी आणि शेपूट पूर्ण चिकटलेली, ओढलं की किंचाळायचं. पाणी लावून तो गोंद हलत नाही. गोडेतेल बोटांनी मुरवत मुरवत अर्ध्या तासानं सोडवलं, मग भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि तीनदा धुणं. थरथरत होतं म्हणून टॉवेलात गुंडाळून कुशीत घेऊन बसलो, दुकान अकराला उघडलं. गाडीखाली बसून ग्रीस लावून आलेलं मांजर, रंगपंचमीला पोरांनी चंदेरी केलेलं मांजर, यांना चाटू द्यायचं का मग? त्या दिवसापासून चिकटपट्टी बंद.

घरगुती_उपाय
इतका बाऊ कशाला? आम्ही कुत्र्याचाच पिसवांचा शाम्पू वापरतो आणि पाण्यात जंतुनाशकाचं टोपणभर. काही होत नाही.

रात्रपाळी
होतं. कृपा करून थांबा. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांच्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला चालतं, मांजराच्या यकृताला ते मोडता येत नाही. मी हे शिकलो तेव्हा उशीर झाला होता. कुत्र्यासाठी आणलेलं औषध मनीच्या मानेवर लावलं, रात्री तिचे कान फडफडायला लागले, मग सगळं अंग झटके देऊ लागलं. रिक्षात मांडीवर होती. वाचली, पण तीन दिवस सलाईनवर. आणि जे जंतुनाशक पाण्यात टाकलं की दूध होतं, ते फिनॉलच्या जातीचं. तेही मांजराला विषच. आपली साबण-शाम्पूही नकोत, त्यांची कातडी वेगळी. टी ट्रीचं तेल तर "नैसर्गिक" म्हणून लावतात लोक. अंघोळ घाला नाहीतर नका घालू, बाटलीवर "मांजरांसाठी" लिहिलेलं नसेल तर ठेवून द्या.

गुंता_सोडवा
यावर मात्र भांडण नाही.

पाच_किलो
वहिनी, धागा वाचला. मोरी आमचीच आहे.

निम्मा वगैरे काही झाला नव्हता, पाच किलोचा आहे. आणि जूनमध्ये त्याच्या कानामागे केस जाऊन गोल चट्टा पडला तेव्हा तू गावी होतीस. नायटा निघाला. आठवड्यानं तुझ्या भाच्याच्या दंडावरही तसाच गोल. डॉक्टरांनी बोक्याला गोळ्या आणि आठवड्यातून दोन औषधी अंघोळी लिहून दिल्या, औषध अंगावर दहा मिनिटं राहिलं पाहिजे, म्हणून तो मानगूट धरून बसायचा. शिवाय चादरी रोज उकळत्या पाण्यात. दोन महिने केलं. चट्टा गेला, बोक्याचाही आणि पोराचाही, पण रविवार तेवढा राहिला. खरं सांगायचं तर परत होईल या भीतीनं बंद करायचा धीर होत नाही.

तिसरा_मजला
अगं, मला हे माहीतच नव्हतं. फोन तरी करायचास. औषधी अंघोळीला माझा विरोध नाही, ती मी धाग्यात धरलीच नव्हती, चूक माझी. पण आता चट्टा नाही तर शाम्पूनं काय राखतेस? एकदा डॉक्टरांना विचार ना.

पाच_किलो
विचारते. तोवर महिन्यातून एकदा करून बघते. ती फणी कुठे मिळते?

तिसरा_मजला
गौरींना येताना आणते. आधी रिकाम्या हाताने पाठीवरून फिरव, लगेच दात लावू नकोस. आणि भाच्याला सांग, मानगूट सोड.